चैती गुलाबाची छाटणी

या, जवळ येऊन बसा. दाराशी कशाला? पंख्याचा वारा इकडेच लागतो, आणि माझा आवाजही आता फार लांब जात नाही. आमच्या विहारात गाऊन प्रवचन करणारे येतात ना, ते आधी पेटीचा भाता नुसताच हलवत बसतात, आणि बाया गप्प झाल्या, पोरं मांडीवर आली, की मग कथेला हात घालतात. माझ्याजवळ पेटी नाही. कथा मात्र आहे, आमच्या भिलाईतल्या मरोद्याच्या क्वार्टरांतली. देवाजीभाऊ, त्यांची बायको कमलाबाई आणि त्यांच्या अंगणातला एक गुलाब. सुखाची नाही, हे आत्ताच सांगते. ज्याला उठायचं असेल त्याने खुशाल उठावं. पण बसलात तर शेवटपर्यंत बसा.

देवाजीभाऊ स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमधून, कोळशाच्या भट्ट्यांवरून, रिटायर झालेले. मुलगा नरेश रसमड्याच्या एका कारखान्यात जातो, सून विजया घर पाहते. क्वार्टर तळमजल्याचं, म्हणून पुढे अंगण आहे, म्हणजे काय, खाट टाकली तर चालायला वाट उरत नाही एवढं. त्यातला अर्धा भाग त्या गुलाबानेच अडवलेला. कमलाबाईने तो फुटवा माहेरून, पवनीहून आणला होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पॅसेंजर गाडीत ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर लेकरासारखा घेऊन आली. देवाजीभाऊ गमतीने म्हणायचे, "माह्या सासऱ्यानं हुंड्यात काटे देल्ले."

बाजारातला लांब दांड्याचा, कागदात गुंडाळलेला गुलाब डोळ्यांपुढे आणू नका. याला चैती म्हणतात. झुडूपच ते, अंगभर बारीक काटे, अन् काड्या इकडेतिकडे वाकलेल्या. फूल फिकट, विस्कटलेलं, झोपेतून उठलेल्या पोरीच्या केसांसारखं. वर्षातून एकदाच येतं, चैत्रात, तेही थोडेच दिवस. पण त्या दिवसांत आमच्या ओळीत प्लांटचा धूर हरायचा. ड्यूटीवरून येणारी माणसं कमलाबाईच्या फाटकाशी सायकल उभी करून उगाच घंटी वाजवायची. ती आतून ओरडायची, "घ्या घ्या, फुकटाचा हाये, नाक भरून घ्या!" जयंतीला विहारात बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या पुढे जे पाकळ्यांचं ताट असायचं, ते तिच्या घरचं. उरलेल्या पाकळ्यांत साखर घालून बरणी उन्हात ठेवायची, आणि ओळीतल्या प्रत्येक बाळंतिणीला चमचाभर गुलकंद पोहोचायचा.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात कमलाबाईच्या पोटात दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी म्हणून अंगावर काढलं, मग रायपूरला नेलं, मग नरेशला डॉक्टरांनी बाजूला बोलावलं. रोगाचं नाव मी घेत नाही, तुम्हाला समजलं. उन्हाळा पाहील, कदाचित पाहील, असं म्हणाले.

वर्षावास चालू होता. प्रेमानंद गुरुजी विहारात रोज संध्याकाळी गाऊन प्रवचन करायचे. गळा असा की ढोलकीवाला ताल विसरून ऐकत बसायचा. एका संध्याकाळी ते तृष्णेवर बोलत होते. माणूस धरून ठेवतो म्हणून रडतो, मूठ उघडा, असं समजावत होते. कमलाबाई खांबाला टेकून बसली होती, अंगात काही उरलं नव्हतं. मधेच तिने हात वर केला.

"गुरुजी, एक विचारू? फुलाचा वास घ्यायची इच्छा, ते पण तृष्णाच काय?"

गुरुजींनी पेटी थांबवली. "हो माय. ते पण."

"माणूस मरून राहिला असला, तरी पण?"

विहारात सगळ्या बाया तिच्याकडे वळल्या. गुरुजी थोडे चाचरले. "तरी पण, माय."

कमलाबाई हसली. "मंग बाकीच्या सगळ्या सोडल्या मी. एवढी एक राहू द्या माह्यापाशी."

गुरुजीही हसले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला.

दसऱ्याच्या आधी तिला रायपूरच्या दवाखान्यात भरती केलं. गाडीत बसताना तिने देवाजीभाऊंना सांगितलं, मी तिथेच उभी होते. "तुमच्या हातानं काही होत नाही, मले माहीत हाये. पण माह्या चैतीले पानी देत जा. यंदाचा बहर भेटला तर बस. एकदा त्याचा वास घेईन, मंग तुमी म्हणान तिथं जाईन."

"कुठी नाही जात तू," देवाजीभाऊ म्हणाले. "यंदा असा बहर आणतो का तू पाहत राहशीन."

आता या माणसाचं सांगते. सगळ्या संसारात त्यांनी त्या झाडाला हात लावला नव्हता. सायकल टेकवली असेल तेवढीच. रिटायर झाल्यापासून तर ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असत. चहा आला की उठायचे, परत पडायचे. विजया म्हणायची, "बाबा की बैटरी डाऊन है." पण कमलाबाई रायपूरला गेली आणि ते दुसऱ्याच दिवशी उठून अंगणात उभे राहिले. बायकोने काहीतरी मागितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा असं काही मागितलं होतं जे दुकानात मिळत नाही.

शेजारी जानराव राहतात. टाऊनशिपच्या फ्लॉवर शोमध्ये गुलाबासाठी कप आणणारा माणूस. त्यांच्या दारात कुंड्या अशा ओळीने लावलेल्या की परेड वाटावी. भिलाईत ज्याच्याकडे गुलाब आहे त्याला एक गोष्ट पाठ असते, ती म्हणजे दसरा झाला की छाटणी. खोल छाटायचं, मुळं उघडी करायची, ऊन दाखवायचं, खत भरायचं, म्हणजे शोच्या वेळेला थाळीएवढी फुलं. अख्ख्या सेक्टरात त्या आठवड्यात कात्र्यांचा आवाज येत असतो.

देवाजीभाऊ फाटकातून म्हणाले, "जानराव, मले शिकव गा."

जानराव कात्री घेऊन आले. झुडूप पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "हे काय जंगल करून ठेवलं वहिनीनं! कधी कापलंच नाही वाट्टे."

"ती वाळक्या काड्या काढे फक्त."

"म्हणूनच वर्षातून एकदा येते बिचारा. खाली गुडघ्यापर्यंत घे. घाबरू नको. गुलाब जितका कापशीन तितका पेटून उठते."

"बराबर हाये," देवाजीभाऊ म्हणाले. "आमच्याकडे पण भट्ट्यांची बॅटरी रिपेअरची असली का पूर्ण खोलाच लागे. अर्धवट खोलली तर अर्धवटच चाले."

दोन म्हाताऱ्यांनी मिळून ते झाड गुडघ्यापर्यंत आणलं. प्रत्येक कापलेल्या टोकाला देवाजीभाऊंनी शेणात हळद कालवून स्वतःच्या बोटाने लावली. मी तेव्हा नागपूरला दीक्षाभूमीला गेले होते. परत आले तेव्हा अंगण एकदम मोठं दिसलं. देवाजीभाऊंचे हात कोपरापर्यंत ओरखडलेले, आणि चेहरा असा खुललेला की मीही म्हणून गेले, "छान केलं भाऊ." मला तरी कुठे काय माहीत होतं? आमच्या घरी तुळस सुद्धा टिकत नाही.

थंडी पडली तेव्हा कमलाबाईला घरी आणलं. तोवर झाडाला नवे फुटवे आले होते, तांबूस, लसलशीत, एका उंचीचे. देवाजीभाऊ गाडीचं दार उघडायच्या आधी फाटक उघडायला धावले.

"पाह्य!"

कमलाबाई विजयाच्या खांद्यावर हात टाकून उभी राहिली. तिने पाहिलं. मग पायरीवर बसली आणि हात लांब करून एका कापलेल्या टोकावरची वाळलेली हळद नखाने खरवडली.

"तुमी केलं हे?"

"मंग कोन करते? जानरावनं दाखवलं, कापलं मीच. हरेक टोकाले मलम लावलं, विचार विजयाले."

"लय मेहनत घेतली जी तुमी," ती म्हणाली. "हात पाहू. अगं माय, केवढे काटे लागले." आणि तिने त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. त्या वयात, फाटकाशी, सगळ्या ओळीसमोर. देवाजीभाऊ लाजून लाल झाले.

दोन-चार दिवसांनी मी दुपारी तिच्याकडे वाटाणे सोलायला बसले होते. देवाजीभाऊ खताचं पोतं आणायला गेले होते. मी सहज म्हटलं, "यंदा तर बहर पाहायलाच नको कमलाबाई, किती फुटवे आलेत!"

तिने शेंग खाली ठेवली. "कौशल्याबाई, दार लोटा जरा."

मी लोटलं.

"यंदा त्याले एक बी फूल येणार नाही."

"म्हणजे?"

"चैती जुन्या काडीवर येते वो. मागच्या वर्षीच्या लाकडावर. जानरावचे ते नर्सरीचे गुलाब वेगळे, त्याहिले नव्या फुटव्यावर फुलं येते, म्हणून कापा लागते. याले कापलं तर त्या वर्षी नुसता पाला. मी बहर झाल्यावर वाळलेलं काढो, बाकी हात नाही लावो. जेवढं लाकूड होतं, तेवढं सगळं उतरवलं यायनं. पुढच्या सालापर्यंत नवं लाकूड जुनं होईन, मंग येईन."

पुढच्या साली. ते शब्द बोलून ती परत शेंगा सोलायला लागली, आणि मी तिच्या मनगटाकडे पाहत राहिले. बांगडी कोपरापर्यंत घसरत होती.

"भाऊंना सांगितलं?"

"नाही. आन् तुमी बी सांगू नका. सांगून काय कापलेल्या काड्या चिपकनार हायेत?"

"पण ते रोज वाट पाहतील, कमलाबाई."

"पाहू द्या. वाट पाहाले उठून तर राहिले."

मी शब्द दिला. आणि पूर्ण हिवाळा मी तो शब्द कसा पाळला ते माझं मला माहीत. कारण देवाजीभाऊ रोज उजाडायच्या वेळी चप्पल वाजवत अंगणात यायचे. पानं उलटून किडी पाहायचे, माती उकरायचे, बोट खुपसून ओल पाहायचे. कामावर निघालेल्या माणसाची घाई त्यांच्या पावलांत परत आली होती. मला फाटकातून हाक मारायचे, "कौशल्याबाई, कळी कशी दिसते वो सुरुवातीला? हे कळी हाये काय?" पान असायचं. मी म्हणायचे, "अजून वेळ आहे भाऊ." खोटं नव्हतं. अर्धं सत्य होतं, आणि अर्धं सत्य फार कडू लागतं.

जानेवारीत जानरावांना कप मिळाला. माघ गेला. आमच्या ओळीतल्या कुंड्यांतले सगळे गुलाब फुलले, नेले, पाहिले, वाळले. चैती नुसता हिरवागार. देवाजीभाऊंनी खत वाढवलं. पाला आणखी वाढला. जानराव येऊन उभे राहायचे, मान हलवायचे. "याले टाइम लागते वाट्टे." आता त्यांच्या आवाजातला जोरही गेला होता. आत कमलाबाई पेजेवर आली होती, आणि पेजही अर्धी वाटी.

फाल्गुन सरत आला तेव्हा भिंतीवरचा दोडक्याचा वेल वाळून खडखडायला लागला. एका सकाळी देवाजीभाऊंनी तो ओढून काढला. मी आत कमलाबाईला पेज भरवत होते. बाहेर वेल सरसरत खाली आल्याचा आवाज झाला.

ते आत आले. हातात वाळका वेल तसाच.

"कमले, कळ्या हायेत."

कमलाबाईने उशीवरून मान उचलली. मी कधी तिला इतक्या झटकन हललेलं पाहिलं नव्हतं. "कुठी?"

"मागं, भित्तीले. एक फांदी दोडक्याखाली दबून होती. कापतानी दिसलीच नाही मले." ते थांबले. प्लांटमध्ये मशीन बंद पडली तर नेमकं कुठे बिघडलं ते शोधून काढणारा माणूस होता तो. शोधताना जसे डोळे होतात तसे त्यांचे डोळे झाले होते. "तिलेच आल्या फक्त. चार-पाच. बाकी सगळ्या झाडाले पाला. जे कापलं नाही, त्यालेच आल्या."

कमलाबाईने मान परत उशीवर टेकली.

"तुले माहीत होतं."

"हाव."

"कधीपासून?"

"आली तवापासून."

"मंग सांगतलं कावून नाही?" त्यांचा आवाज फाटला. "मी एथं गाढवासारखा पानी टाकून राहिलो, खत टाकून राहिलो, रोज पाहून राहिलो, आन् तू एथं पडल्या पडल्या..."

"मी एथं पडल्या पडल्या तुमची चप्पल आयकत होती," कमलाबाई म्हणाली. तिला दम लागत होता, तरी ती बोलली. "रिटायर झाल्यापासून तुमाले असं उठताना पाह्यलं नव्हतं जी मी. म्हटलं, चालू द्या. लागली सवय तर लागली. मी गेल्यावर तुमाले कोन उठवन? विजया उठवन? तिचं तुमी आयकत नाही."

देवाजीभाऊ खाली बसले. वेल हातातून सुटला. "तू एकच गोष्ट मागितली मले," ते म्हणाले, "आन् म्या तेच कापलं."

"रडू नका. विजया पाहून राहिली."

विजया खरंच दारात होती. ती पदर तोंडावर धरून मागे वळली.

आता तुम्हाला वाटेल, कळ्या आल्या, म्हणजे झालं. मलाही तसंच वाटलं होतं. त्या दिवसापासून आमचं सगळ्यांचं लक्ष त्या एका फांदीवर. ऊन तापायला लागलं तसं देवाजीभाऊंनी तिच्यावर ओलं बारदान टांगलं. दुपारी तासातासाने ते बारदान भिजवायचे. जानराव आले, खाली मान घालून उभे राहिले.

"देवाजी, मीच सांगतलं होतं तुले."

"तुह्या गुलाबासाठी ते बराबर होतं," देवाजीभाऊ म्हणाले. "माह्या घरचं मले मालूम पाह्यजे होतं." आणि जानरावांच्या हातात त्यांनी बादली दिली. मग दोघं पाणी मारत राहिले. पण एक सांगते, पूर्वीची ती घाई देवाजीभाऊंच्या पावलांत दिसली नाही. आता ते पाय ओढत यायचे. आधी ते बहराची वाट पाहत होते. आता ते बायकोचे दिवस आणि कळीचे दिवस एकमेकांशी पळताना पाहत होते, आणि कोण पुढे आहे ते त्यांना दिसत होतं.

कळ्यांच्या टोकाला रंग दिसला त्या दिवशी त्यांनी कात्री हातात घेतली. "कमले, एक तोडून आणतो. गिलासात ठेवू. उशीपाशी उमलन."

"नका तोडू," ती म्हणाली. आवाज आता कान लावून ऐकावा लागायचा. "कच्ची तोडली तर वास नाही राहत चैतीले. झाडावर उमलू द्या. मी थांबतो."

मी थांबतो. आमच्या बाया म्हणतात तशीच म्हणाली. देवाजीभाऊंनी कात्री ठेवून दिली. ती तोडली असती तर काय झालं असतं, हे मी नंतर कितीदा स्वतःला विचारलं. काहीच झालं नसतं. बिनवासाची एक कळी उशाशी राहिली असती.

सकाळी नरेश आणि विजया तिला खुर्चीवर बसवून अंगणात नेत. देवाजीभाऊ बारदान बाजूला करत. ती पाहायची, मान हलवायची, अजून नाही. असं काही सकाळी झालं. मग खुर्चीवर बसवणं बंद झालं. जयंती चार दिवसांवर आली होती, विहारात मंडप बांधत होते, लाउडस्पीकरचा आवाज ओळीपर्यंत येत होता. त्या संध्याकाळी तिला श्वास घेणं जमेना, नरेशने गाडी बोलावली, आणि सगळं घर दवाखान्यात गेलं. बारदान भिजवायला घरी कोणी राहिलं नाही. ती दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. देवाजीभाऊ तिचा हात धरून होते. ती शेवटी काही बोलली नाही. कथेत बोलतात, माणसं बोलत नाहीत.

प्रेमानंद गुरुजी आले होते. त्यांनी गायलं नाही. नुसतं त्रिशरण म्हटलं, आणि तेही अडखळत.

स्मशानातून पुरुष माणसं यायच्या आधी मी आणि विजया दारात पाण्याची बादली ठेवायला गेलो. तेव्हा मी पाहिलं. वाळून कडक झालेल्या बारदानाखाली कळ्या उमलल्या होत्या आणि गळूनही गेल्या होत्या. त्या उन्हात चैतीचं फूल एक सकाळ टिकतं, तेवढंच. पाकळ्या भिंतीशी मातीत पडलेल्या, कडेने तपकिरी झालेल्या. त्या उमलताना कोणी पाहिल्या नाहीत. त्या वेळी घराला कुलूप होतं. विजया म्हणाली, "आत्याजी, बाबा को मत दिखाइए," आणि तिने झाडूने त्या गोळा केल्या. थोड्या वेळाने देवाजीभाऊ आले, पायावर पाणी घेतलं, आणि त्या भिंतीकडे न पाहता सरळ आत गेले.

झाड जगलं आहे. विजया पाणी घालते. यंदा कोणी कात्री लावली नाही, म्हणजे येत्या चैत्रात फांदी न फांदी भरून येईल, लोक फाटकाशी थांबतील. मला त्याचं काही वाटत नाही, खरं सांगते.

कमलाबाईला वाटलं होतं सवय लागेल. नाही लागली. देवाजीभाऊ भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. नरेश ड्यूटीला निघताना हाक मारतो, "बाबा, उठा." विजया चहा ठेवते, त्यावर साय धरते, मग ती तो तसाच उचलून नेते. जानराव येऊन खाटेशी बसतात आणि जातात. मीही जाते. काय बोलावं ते मला समजत नाही, मला फक्त ऐकता येतं, आणि त्या घरात आता ऐकण्यासारखं काही नाही.

म्हणून तुम्हाला बसवलं. कमलाबाईसाठी विहारात सगळे हात जोडतात, ती सर्वांची लाडकी होती, तिला कोणी विसरणार नाही. मी तुमच्याकडे दुसरंच मागते. सकाळी उठाल, चूळ भराल, आणि तोंडाने त्रिशरण येत असेल तर म्हणाल, तेव्हा एक क्षण त्या जिवंत माणसाची आठवण ठेवा, ज्याला उठायला आता काही कारण नाही. त्यांचं नाव देवाजी. राहील ना लक्षात?